जपानहून आलेली आठ आसनी गाडी : खरेदीनंतरचा हिशेब

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कोकणी कुटुंबांत मोटार घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न आसनांचा निघतो. घरात वडीलधारी माणसे, नवरा-बायको, तीन-चार मुले. त्यात मुंबईहून हीथ्रोवर उतरणारा पाहुणा आणि त्याच्या दोन भरलेल्या बॅगा. पाच आसनी गाडीत हा संसार मावत नाही, आणि मोठी नवी गाडी खिशाला परवडत नाही. मग नजर वळते ती जपानमध्ये वापरून तिकडून आणलेल्या सात-आठ आसनी गाड्यांकडे. टोयोटाची एस्टिमा व अल्फार्ड, निसानची एल्ग्रँड, माझ्दाची बोंगो, मित्सुबिशीची डेलिका ही त्यांतील परिचित नावे. तिकडे या वर्गाला पीपल कॅरियर म्हणतात. आपल्याकडे इनोव्हा जे काम करते तेच यांचे काम, असे समजावे.

भारतात वापरलेली परदेशी मोटार आणण्यावर बंधने आणि शुल्क इतके आहे की सामान्य कुटुंबाने तो विचारही करू नये. परंतु ज्यांचे भाऊ, चुलते, जावई ब्रिटनमध्ये आहेत अशा घरांचा या व्यवहाराशी संबंध येतोच, कारण पैसा शेवटी एकाच कुटुंबाचा असतो. म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

या लेखात आम्हाला मुख्यतः एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. ही गाडी तिच्या नावावरून ओळखू नये, चेसिस नंबरवरून ओळखावी. देखभाल, दुरुस्ती आणि विमा या तिन्ही ठिकाणी मोठे नुकसान होते ते बहुतांशी चुकीच्या ओळखीमुळे. मेकॅनिक एका गाडीचा पार्ट मागवतो, विमा दुसऱ्या गाडीचा उतरवला जातो, आणि दारात उभी असते ती तिसरीच.

गाडी स्वस्त का मिळते

जपानमध्ये ब्रिटनप्रमाणेच वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे स्टिअरिंग उजवीकडे असते. तिकडे नव्या मोटारीची सरकारी तपासणी तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी होते. तिला ‘शाकेन’ म्हणतात. तपासणी, कर आणि सक्तीचा विमा यांचा खर्च एकदमच अंगावर येत असल्याने अनेक मालक त्या सुमारास गाडी काढून टाकतात. अशा गाड्या लिलावात जातात व तेथून ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंड, केनिया, टांझानिया अशा डाव्या बाजूने वाहन चालवणाऱ्या देशांत रवाना होतात.

कंपनीच्या स्वतःच्या विक्री व्यवस्थेबाहेर आलेल्या अशा गाडीला ‘ग्रे इम्पोर्ट’ म्हणतात. त्यात बेकायदेशीर असे काही नाही. फरक एवढाच की ती जपानच्या ग्राहकासाठी आणि जपानच्या नियमांप्रमाणे बनलेली असते. ब्रिटनने अशा गाड्यांसाठी १९९८ मध्ये एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी सुरू केली. २००९ पासून तिची जागा ‘आयव्हीए’ या चाचणीने घेतली. मात्र दहा वर्षांहून जुन्या मोटारीला ही चाचणी लागू नाही. तिला नेहमीची वार्षिक ‘एमओटी’ तपासणी पुरते. जुन्या गाडीला कागदी अडथळा कमी, हे सोयीचे खरे. पण तिच्यात ब्रिटनसाठी केलेले फेरबदल कोणी बारकाईने पाहिलेले नसतात, हेही खरेदीदाराने ध्यानात घ्यावे.

एकाच चेहऱ्याच्या दोन गाड्या

टोयोटाची प्रीव्हिया ब्रिटनमध्ये कंपनीने स्वतः विकली. तीच गाडी जपानमध्ये एस्टिमा या नावाने विकली गेली. म्हणून अनेक विक्रेते ‘प्रीव्हियाच आहे, फक्त नाव वेगळे’ असे सांगतात. हे अर्धसत्य आहे. १९९० च्या दशकात आलेल्या एस्टिमा लुसिडा आणि एस्टिमा एमिना या गाड्या प्रीव्हियापेक्षा दहा सेंटिमीटरहून अधिक अरुंद होत्या, कारण जपानमध्ये १.७ मीटर रुंदीच्या आतील गाड्यांचा वेगळा वर्ग आहे. त्यांत २.२ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन मिळे. ब्रिटनच्या त्या वेळच्या प्रीव्हियात डिझेल इंजिन नव्हतेच. पुढे २००० मध्ये आलेल्या एस्टिमात तीन लिटरचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिनही होते. तेही ब्रिटिश प्रीव्हियाला कधी बसवले गेले नाही.

खरी ओळख चेसिस नंबरात असते. युरोपातील गाडीला सतरा अक्षरांकांचा नंबर असतो. जपानच्या बाजारातील गाडीला तसा नसतो. तेथे आधी मॉडेलचा कोड, मग आडवी रेघ आणि पुढे अनुक्रमांक अशी रचना असते. उदाहरणार्थ, त्या २००० च्या एस्टिमावर ‘एसीआर३०’ असे असेल तर इंजिन २.४ लिटरचे आणि ओढ पुढच्या दोन चाकांना. ‘एसीआर४०’ म्हणजे तेच इंजिन, पण चारही चाकांना ओढ. ‘एमसीआर३०’ असेल तर इंजिन तीन लिटरचे. पहिल्या अल्फार्डमध्ये ‘एएनएच१०’ हे २.४ लिटरचे, तर ‘एमएनएच१०’ हे तीन लिटरचे. हा कोड गाडीवर लावलेल्या धातूच्या पट्टीवर असतो. त्या पट्टीचा स्वच्छ फोटो काढून मोबाईलमध्ये कायम ठेवावा. पुढे गॅरेजमध्ये, पार्टच्या दुकानात व विमा कंपनीशी बोलताना हाच फोटो कामी येतो.

जपानचे निर्यात प्रमाणपत्रही मागून घ्यावे. त्यात पहिली नोंदणी बहुधा जपानी कालगणनेत असते. हेइसेई कालखंड १९८९ मध्ये सुरू झाला. त्यातील वर्षात १९८८ मिळवले की इसवी सन निघतो. हेइसेई १७ म्हणजे २००५. रेइवा कालखंड मे २०१९ पासूनचा; त्यात २०१८ मिळवावेत. लिलावाचा तक्ता मिळाला तर सोन्याहून पिवळे. त्यावरील श्रेणीच्या जागी इंग्रजी ‘आर’ किंवा ‘आरए’ असेल तर गाडी अपघातानंतर दुरुस्त झालेली आहे असे धरून चालावे. गाडीच्या आकृतीवरील ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘एस’ म्हणजे गंज.

पहिल्या महिन्याची देखभाल

मागील सर्व्हिसच्या नोंदी बहुधा मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी जपानी भाषेत असतात. म्हणून ‘काहीच झालेले नाही’ असे मानून सुरुवात करणे शहाणपणाचे. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक फ्लुइड हे सर्व पहिल्याच महिन्यात बदलून त्या दिवसाची तारीख व मीटरचा आकडा वहीत लिहावा. गिअरबॉक्सच्या तेलाबाबत विशेष दक्षता हवी. बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक असतात आणि प्रत्येक गिअरबॉक्सला ठरावीक जातीचेच तेल चालते. ‘सगळ्यांना चालणारे’ तेल घालून वाचवलेले वीस-तीस पौंड पुढे गिअरबॉक्सच्या किमतीत वसूल होतात.

टायमिंग बेल्टचा प्रश्न मीटरशी जोडलेला आहे, तो नीट समजून घ्यावा. काही इंजिनांत बेल्ट असतो, काहींत साखळी. वर सांगितलेल्या २.४ लिटरच्या टोयोटा इंजिनात साखळी आहे. तीन लिटरच्या इंजिनात बेल्ट आहे आणि तो एक लाख किलोमीटरला बदलायचा असतो. आता जपानी मीटर किलोमीटरचे. ब्रिटनमध्ये वेग मैलांत दिसावा लागतो, म्हणून पुष्कळ गाड्यांत मैलांचा कन्व्हर्टर बसवतात. त्या दिवसापासून तेच मीटर मैल मोजू लागते, पण आधीचा आकडा किलोमीटरचाच राहतो.

समजा, ८०,००० किलोमीटरला कन्व्हर्टर बसला आणि आज मीटर १,१०,००० दाखवते. हा आकडा ना किलोमीटर ना मैल. आधीचे ८०,००० किलोमीटर आणि नंतरचे ३०,००० मैल, म्हणजे सुमारे ४८,००० किलोमीटर. गाडी प्रत्यक्षात सुमारे १,२८,००० किलोमीटर चाललेली आहे. मालक सगळा आकडा मैलांचा समजला तर गाडी आहे त्याहून फार जास्त चाललेली ठरते आणि तिची किंमत उगाच पडते. सगळा किलोमीटरचा समजला तर बेल्टची मुदत दहाच हजारांनी टळली असे त्याला वाटते, जी प्रत्यक्षात अठ्ठावीस हजारांनी टळलेली असते. म्हणून कन्व्हर्टर केव्हा व किती आकड्यावर बसला ते लेखी घ्यावे. ब्रिटनमध्ये झालेल्या एमओटी तपासण्यांची नोंद सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. तेथील जुने आकडे ताडून पाहावेत.

कूलंट ही दुसरी मोठी बाब. १९९५ ते २००५ या काळात बनलेल्या बोंगो फ्रेंडीत इंजिन पुढच्या आसनांखाली असते आणि रेडिएटर पुढे नाकाशी. पाणी लांबच्या नळ्यांतून फिरते. नळी फुटली किंवा आत हवा अडकली तर इंजिन तापते. आणि तापमानाचा काटा मात्र फार उशिरा हलतो. तो वर चढलेला दिसेपर्यंत सिलिंडर हेडचे नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून जाणते मालक कूलंट कमी होताच वाजणारा अलार्म बसवून घेतात. हेड बदलण्याच्या खर्चापुढे त्या अलार्मची किंमत काहीच नाही. कूलंट बदलल्यावर नळ्यांतील हवा पूर्ण काढणे हे वेळखाऊ काम आहे; ज्याने पूर्वी बोंगोवर हात चालवला आहे अशाच मिस्त्रीकडे ते द्यावे.

तिसरी बाब गंजाची. जपानच्या बर्फाळ उत्तर भागाचा अपवाद सोडला तर तिकडच्या गाडीला रस्त्यावरचे मीठ फारसे लागत नाही. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ साचू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. जपानहून आलेली स्वच्छ तळाची गाडी चार-पाच हिवाळ्यांत पोखरली जाऊ शकते. गाडी हाती येताच, शक्यतो उन्हाळ्यात, तळ धुऊन, पूर्ण वाळवून त्यावर मेणाच्या जातीचा संरक्षक थर द्यावा. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर जाड काळा डांबरी थर मारून घेऊ नये. आत गंज वाढतच राहतो आणि वरून दिसत नाही. चाकांचे जोड, सीट बेल्टच्या बैठका अशा ठिकाणांपासून तीस सेंटिमीटरच्या आत पत्रा कुजलेला आढळला तर एमओटीत गाडी नापास होऊ शकते, आणि पत्रा कापून जोडण्याचा खर्च मोठा असतो.

पेट्रोलबाबतही एक सूचना. ज्या इंजिनासाठी जपानमध्ये ‘हाय-ऑक्टेन’ सांगितलेले असते त्याला ब्रिटनमधील सुपर पेट्रोल घालणे बरे. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमधील साधे पेट्रोल दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले ‘ई१०’ झाले आहे. जुन्या गाडीला ते चालते की नाही याची खात्री होईपर्यंत ‘ई५’ जातीचे सुपर पेट्रोल वापरावे. मागे धुक्याचा लाल दिवा आहे का, तो लागतो का, हेही पाहून घ्यावे. एमओटीत तो तपासला जातो. गाडीचा रेडिओ बीबीसीची सगळी केंद्रे पकडत नाही अशी तक्रार अनेक जण करतात. त्यात बिघाड नसतो. जपानचा एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो व ब्रिटनच्या पट्ट्याच्या बऱ्याच अलीकडे संपतो, एवढेच कारण.

दुरुस्ती : मिस्त्रीला विचारायचे तीन प्रश्न

गल्लीतल्या गॅरेजवाल्याने गाडीचा नोंदणी क्रमांक संगणकात टाकला की समोर काही तरी नाव येते किंवा काहीच येत नाही. त्या नावावरून तो ब्रेक पॅड मागवतो, ते बसत नाहीत, गाडी दोन दिवस लिफ्टवर अडकते आणि मजुरी आपल्या बिलात येते. असा प्रसंग टाळण्यासाठी काम देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. या मॉडेलच्या गाडीवर पूर्वी काम केले आहे काय? पार्ट चेसिस नंबरवरून मागवणार काय? चुकीचा पार्ट आल्यास परत जाणार काय? तिन्हींची उत्तरे सरळ आली तरच चावी द्यावी.

सुट्या भागांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. फिल्टर, ब्रेक पॅड, प्लग, सेन्सर, बेअरिंग असे यांत्रिक भाग पुष्कळदा त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाड्यांशी जुळतात आणि सहज मिळतात. पत्रा, काचा, दिवे, आतली सजावट व विजेवर सरकणाऱ्या दरवाजांची यंत्रणा मात्र केवळ जपानी गाडीची असते. ती आयात करणाऱ्या खास विक्रेत्याकडून किंवा जुन्या गाड्या तोडणाऱ्याकडून घ्यावी लागते आणि आठवड्यांची वाट पाहावी लागते. त्यामुळे खरेदीच्या वेळी पत्रा, काचा व दरवाजे यांवर जास्त बारीक नजर ठेवावी. सरकते दरवाजे दोन्ही बाजूंनी, बटणाने आणि हाताने, दहा-दहा वेळा उघडून पाहावेत. इंजिनातील किरकोळ खोट त्यामानाने स्वस्तात निघते.

ज्या गाड्यांचे इंजिन आसनांखाली असते त्यांत साध्या कामालाही मजुरीचे तास अधिक लागतात. भाव विचारताना पार्टची किंमत व मजुरीचे तास वेगवेगळे लिहून घ्यावेत.

येथे एक सुरक्षेची गोष्ट आवर्जून सांगतो. ‘टाकाटा’ या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगांमुळे जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. काही एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे उडून माणसे दगावली. कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण तिच्या एअरबॅग असलेल्या जुन्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत. अधिकृतपणे विकलेल्या गाडीच्या मालकाला कंपनीचे पत्र येते. ग्रे इम्पोर्टच्या मालकाला ते येईलच असे नाही, कारण ब्रिटनमधील कंपनीने ती गाडी कधी विकलेलीच नसते. जपानी कंपन्यांच्या जपानमधील संकेतस्थळांवर चेसिस नंबर टाकून आपल्या गाडीवर असे काम बाकी आहे का ते पाहता येते. या कामाला दहा मिनिटे लागतात. मुलांना पुढच्या आसनावर बसवण्यापूर्वी ते करावे.

विमा : खरे सांगणे हाच स्वस्त मार्ग

ब्रिटनमध्ये थर्ड पार्टी विम्याशिवाय रस्त्यावर गाडी चालवणे हा गुन्हा आहे. १९८८ च्या रोड ट्रॅफिक कायद्याची ती सक्ती आहे. त्याच्या वर आग व चोरीसह थर्ड पार्टी, आणि सर्वांत वर सर्वंकष, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह. थर्ड पार्टी नेहमी स्वस्तच पडते असा समज आहे. तो खरा असेलच असे नाही. तिन्हींचे भाव मागवून पाहावेत.

अधिकृत गाड्यांना तिकडे विम्याचे १ ते ५० असे गट दिलेले असतात. ग्रे इम्पोर्टला सहसा असा गट नसतो, म्हणून काही कंपन्या नकार देतात व काही जादा हप्ता लावतात. तुलनेच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकताच ‘प्रीव्हिया २.४’ असे काही जवळपासचे नाव आपोआप येते आणि हप्ताही कमी दिसतो. मोह येथेच होतो. पुढे जाऊ नये. ‘आयात केलेली’ हा पर्याय निवडावा; तो नसेल तर आयात गाड्यांचे काम करणाऱ्या विमा दलालाला फोन करावा व चेसिसच्या पट्टीवरील माहिती जशीच्या तशी सांगावी.

हे का, ते आकड्यांत पाहू. ग्राहकांच्या विम्याविषयीचा २०१२ चा कायदा सांगतो की विमा घेणाऱ्याने चुकीची माहिती जाऊ नये यासाठी रास्त काळजी घ्यावी. निष्काळजीपणाने चुकीची माहिती दिली असेल आणि खरी माहिती कळल्यावर कंपनीने जादा हप्ता घेतला असता, तर दावा त्या प्रमाणात कापता येतो. समजा, आपण ४८० पौंड भरले आणि खरा हप्ता ७२० पौंड असता. मग ६,००० पौंडांच्या दाव्यावर हाती ४,००० च पडतात. २४० वाचवायला जाऊन २,००० गेले. माहिती जाणूनबुजून लपवल्याचे सिद्ध झाल्यास कंपनी विमाच रद्द धरू शकते व दावा पूर्ण नाकारू शकते. समोरच्या जखमी माणसाची भरपाई कायद्याने कंपनीला बहुधा द्यावी लागते. पण ती रक्कम मग आपल्याकडून वसूल होऊ शकते. एका अपघातात घर विकायची पाळी येते ती अशी.

काय काय सांगावे? गाडी आयात केलेली आहे. इंजिन किती लिटरचे आहे. आसने मूळ किती व आता किती आहेत. मैलांचा कन्व्हर्टर, गॅसवर चालण्याची सोय, कॅम्परसारखा पलंग, वेगळी चाके, काळ्या काचा असे जे जे बदलले असेल ते सर्व. गाडी मुख्यतः कोण चालवतो हेही खरे सांगावे. मुलगा रोज चालवतो आणि हप्ता कमी यावा म्हणून वडिलांना मुख्य चालक दाखवले, हा प्रकार तिकडच्या कंपन्यांना चांगला ठाऊक आहे व तो लबाडीत मोडतो.

वापराचा प्रकार हे आणखी एक कलम. घरगुती वापराच्या विम्यावर भाड्याने माणसे नेता येत नाहीत. आठ आसनी गाडी दारात असली की ‘विमानतळावर सोडा, पैसे देतो’ असे म्हणणारे ओळखीचे लोक भेटतात. केवळ चालण्याच्या खर्चाची वाटणी होत असेल आणि नफा नसेल तर आठ प्रवाशांपर्यंतच्या गाडीला कायदा सूट देतो. त्याहून अधिक पैसे घेतले की तो धंदा झाला. त्याला वेगळा परवाना व वेगळा विमा लागतो.

आसनांचा संबंध लायसन्सशीही आहे. साध्या मोटारीच्या लायसन्सवर चालकाखेरीज आठ प्रवासी नेता येतात. टोयोटा हायएससारख्या काही जपानी गाड्या दहा आसनांच्या येतात. ज्यांनी १ जानेवारी १९९७ किंवा त्यानंतर परीक्षा दिली त्यांच्या साध्या लायसन्समध्ये अशी गाडी बसत नाही, आणि लायसन्स नसेल तर विमाही अडचणीत येतो.

पॉलिसीतील तीन ओळी आधीच वाचाव्यात. पहिली किमतीची : ‘बाजारभाव’ की ‘ठरलेली किंमत’. आयात गाडीचा बाजारभाव कंपनीच्या तक्त्यात सहसा सापडत नाही, म्हणून फोटो व बिले देऊन किंमत आधीच ठरवून घेणे उत्तम. दुसरी चोरीविरोधी यंत्रणेची : इमोबिलायझर किंवा ट्रॅकरची अट असेल तर त्याचे प्रमाणपत्र हवे, आणि ट्रॅकरची वर्गणी थकलेली नको. तिसरी काचेची व बदली गाडीची : जपानी काच यायला वेळ लागतो, आणि तोवर मिळणारी गाडी बहुधा छोटी असते, तिच्यात आठ माणसे बसणार नाहीत.

गाडी मोडीत निघाली असे कंपनीने ठरवले आणि देऊ केलेली रक्कम कमी वाटली तर लगेच सही करू नये. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती जमवून लेखी तक्रार करावी. आठ आठवड्यांत समाधान झाले नाही, किंवा अंतिम उत्तर मान्य नसेल, तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे विनामूल्य दाद मागता येते. अंतिम उत्तरानंतर त्यासाठी सहा महिन्यांची मुदत असते.

लंडनकरांसाठी वेगळा इशारा

लंडनमधील कमी प्रदूषणाचा ‘युलेझ’ विभाग ८ एप्रिल २०१९ रोजी सुरू झाला आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सर्व बरोंना लागू आहे. पेट्रोल गाडी युरो-४ आणि डिझेल गाडी युरो-६ दर्जाची नसेल तर दिवसाला १२.५० पौंड भरावे लागतात. वर्षात २५० दिवस गाडी काढली तर ही रक्कम ३,१२५ पौंड होते. १९९० च्या दशकातील डिझेल बोंगो किंवा डेलिका कितीही स्वस्त मिळाली तरी लंडनमध्ये रोज वापरायला ती महागच. बर्मिंगहॅमच्या मध्यभागातही जून २०२१ पासून असाच आकार आहे. मोटारीला दिवसाला ८ पौंड.

पेट्रोल गाड्यांची अडचण निराळी. जपानी कागदांवर युरो दर्जा लिहिलेला नसतो, त्यामुळे चांगली गाडीही संगणकात ‘नापास’ दिसू शकते. नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण किलोमीटरला ०.०८ ग्रॅमच्या आत असल्याचा कागद दाखवून ही नोंद दुरुस्त करून घेता येते. गाडी घेण्यापूर्वीच विक्रेत्याला विचारावे : हा कागद आहे काय, की तो आम्हीच शोधायचा? नंतर शोधायचा असेल तर तेवढे पैसे भावातून कमी करून घ्यावेत.

एक फाईल, सात कागद

ब्रिटनमधील आपल्या आप्तांना आमची विनंती आहे की गाडीबरोबर एक साधी फाईल करावी. तिच्यात जपानचे निर्यात प्रमाणपत्र, लिलावाचा तक्ता असल्यास तो, ब्रिटिश लॉगबुक, चेसिस पट्टीचा फोटो, कन्व्हर्टर बसवल्याचा आकडा व तारीख, दुरुस्तीची सर्व बिले आणि विमा कंपनीला दिलेल्या माहितीची प्रत असावी. फोनवर सांगितलेली गोष्टही ईमेलने लेखी करून तिची प्रत लावावी.

खरेदीच्या रकमेबरोबरच पहिल्या वर्षासाठी वेगळी शिल्लक बाजूला काढावी : पहिली सर्व्हिस, तळाचा थर, बेल्ट असल्यास बेल्ट, चार टायर आणि पूर्ण वर्षाचा खराखुरा हप्ता. या पाच आकड्यांची बेरीज खरेदीच्या किमतीत मिळवून मग इतर गाड्यांशी तुलना करावी. बेरीज परवडत असेल तर खुशाल घ्यावी. नीट ठेवलेली एस्टिमा किंवा अल्फार्ड मोठ्या कुटुंबाला अनेक वर्षे साथ देते. परवडत नसेल तर आणखी सहा महिने पैसे साठवावेत. जपानहून गाड्यांची आवक चालूच असते, घाई करण्याचे कारण नाही.